खेळायचा कॉम्प्युटर

मार्च लागला की लातुरात आमच्या इमारतीतले कुकर शिट्टी द्यायचे बंद होतात. खरंच सांगते. तीन मजले, बावीस खोल्या, प्रत्येक खोलीत बारावीचं एक लेकरू आणि त्याच्यासाठी गाव सोडून आलेली एक आई. कुणी जळकोटची, कुणी मुखेडची, कुणी देगलूरची. सगळ्या जणी डाळ पातेल्यात शिजवतात. मिक्सर अकरा वाजता लावायचा, पोरं क्लासला गेलेली असतात तेव्हा. भाजीवाला कोपऱ्यावर आला की हाक आवरती घेतो, कारण मागे एकदा तिसऱ्या मजल्यावरच्या बाईंनी खाली येऊन त्याला हात जोडले होते. माझी लेक मैत्री हिच्यासोबत मी दोन वर्षं इथे काढली. नवरा प्रमोद नांदेडात नोकरीला. तो शनिवारी येतो आणि खालच्या पायरीवरच बूट काढून हातात घेतो. त्याला तसं कुणी सांगितलेलं नाही.

या शांततेत मी, वय वर्षं चव्वेचाळीस, सतरा दिवसांपासून एक वस्तू मोबाइलवरच्या कार्टमध्ये टाकून बसले होते. एक कॉम्प्युटर. पत्त्यांच्या कॅटापेक्षा लहान, उघडा, नुसती हिरवी पाटी आणि तिच्यावर चिकटवलेले काळे चौकोन. त्याला मेमरी कार्ड लावायचं, टीव्हीची वायर लावायची, खेळायचा रिमोट लावायचा आणि आपण लहान असताना जे व्हिडिओ गेम होते ते त्यावर खेळायचे. दुसरं काही कारण नाही. रोज सकाळी पोळ्या झाल्या की मी ते पान उघडायचे, बघायचे आणि मिटायचे.

मी फार भारी खेळायचे, हे इथेच लिहून टाकते. पुढे विनय दाखवायला जागा मिळेल न मिळेल. रणगाड्यांचा एक गेम होता. विटांच्या भिंती, खाली मधोमध आपला झेंडा, आणि वरून शत्रूचे रणगाडे येत राहायचे. झेंडा सांभाळायचा आणि त्यांना उडवायचं. पस्तिसाव्या फेरीनंतर तो गेम पुन्हा पहिल्यापासून सुरू होतो हे इस्लापुरात फक्त मला माहीत होतं, कारण तिथवर फक्त मीच पोचले होते. ही माझी आयुष्यातली पहिली मोठी कमाई आणि ती मी आजवर कुणालाही सांगितलेली नव्हती. न सांगण्याला कारण होतं.

माझे वडील इस्लापुरात जिल्हा परिषदेच्या शाळेत गुरुजी होते. आमच्या घराण्यात पहिले शिकलेले तेच. लहानपणी दुसऱ्यांची गुरं वळली, मग किनवटच्या वसतिगृहात राहिले, मग नोकरी लागली. घरात पुस्तकाला पाय लागला तर आई दोन वेळा नमस्कार करायला लावायची. मी नववीतून दहावीत गेले त्या उन्हाळ्यात बाबा प्रशिक्षणाला नांदेडला गेले आणि येताना एक भलं मोठं खोकं घेऊन आले. आगगाडीतून मांडीवर ठेवून आणलं होतं. खोक्यात एक कीबोर्ड, दोन रिमोट, दोन कॅसेटी आणि टीव्हीला लावायची वायर. दुकानदाराने सांगितलं होतं की गुरुजी, हा कॉम्प्युटर आहे, टीव्हीला लावा, पोरगी टायपिंग शिकेल. त्या काळी अशी यंत्रं निघाली होती. आत सगळा व्हिडिओ गेम आणि वरून कीबोर्डाचा सदरा. एका कॅसेटवर टायपिंगचे धडे होते, दुसरीवर दहा हजार गेम असं छापलेलं होतं. प्रत्यक्षात आठ होते, तेच नावं बदलून पुन्हा पुन्हा यायचे.

पण आमच्या घरात तो कॉम्प्युटरच होता. आईने टीव्हीखालचं टेबल पुसलं. बाबांनी मेणबत्ती आणि अगरबत्ती लावली. आम्ही तिघांनी त्याच्यासमोर उभं राहून पंचशील म्हटलं, म्हणजे खोटं न बोलण्याचं शीलही त्यात आलं, आणि मग गल्लीत खीर वाटली. मी डोळे मिटून म्हटलं होतं. दुसऱ्या दिवशी दुपारी मी दुसरी कॅसेट लावून पाहिली.

तो उन्हाळा अजून माझ्या अंगात आहे. किनवटकडचं जंगल एप्रिलात पानं गाळून उभं राहतं आणि मोहाची फुलं पहाटेपासून टपटपत असतात. त्यांचा गोड, आंबूस, डोक्यात चढणारा वास गावभर. पळसाचा बहर तोवर जमिनीवर आलेला. दुपारी रेल्वेरुळाकडून गरम वारा यायचा आणि दाराला पडदा म्हणून लावलेलं पोतं फुगायचं. आतल्या खोलीत मी, टीव्ही आणि तो कीबोर्ड. टीव्हीला डोळे लावून बसले की तोंडावर बारीक वीज खेळल्यासारखं वाटायचं, हात पुढे केला की हातावरची लव उभी राहायची. गेम सुरू होताना चार सुरांची एक पिपाणी वाजे. आवाज मी अगदी बारीक ठेवायचे. अंगठ्याच्या पेराला आधी फोड आला, मग तिथली कातडी घट्ट झाली. आई विचारायची तर मी म्हणायचे, टायपिंगने झालं.

आणि बाहेर माझ्या घरच्यांनी जे केलं ते आठवलं की आजही मान खाली जाते. घरात एकच टेबलफॅन. तो माझ्या खोलीत, कारण कॉम्प्युटर तापू नये. आई मुसळ घेऊन मिरच्या कुटायला शेजारच्या मावशींच्या अंगणात जायची, कारण पोरगी शिकून राहिली. बाबांनी रेडिओ बंद केला. दुपारच्या बातम्या त्यांनी एवढ्या वर्षांत कधी सोडल्या नव्हत्या, त्या उन्हाळ्यात सोडल्या. ओसरीवर पुठ्ठ्याने वारा घेत बसायचे. दर अर्ध्या तासाने दाराशी यायचे आणि हलकेच खोकायचे. मला तेवढी सूचना पुरे असायची. मी चपळाईने कॅसेट बदलायचे, पडद्यावर अक्षरं आणायचे आणि कीबोर्ड जोरजोरात वाजवायचे. थोडा वेळ जायचा, मग त्यांच्या चपला लांब जायच्या. बाबा आत कधीच आले नाहीत.

दहावीचा अभ्यास सुरू झाला तसं ते खोकं बांधून माळ्यावर गेलं. पुढे मी शिकले, नांदेडात कॉम्प्युटर टायपिंगच्या क्लासात शिकवायला लागले, पंधरा वर्षं शिकवलं, मैत्रीच्या बारावीसाठी सोडलं. हे सगळं माझ्या मेहनतीचं होतं. पण बाबांच्या हाती एक गोष्ट लागली. दर वर्षी एप्रिलात गावात जयंतीचा कार्यक्रम होतो, त्यात त्यांचं भाषण असतं आणि त्या भाषणात ती गोष्ट असते: तालुक्यात कुणाच्या घरी कॉम्प्युटर नव्हता तेव्हा मी माझ्या पोरीला आणून दिला, ती दाराआड बसून उन्हाळाभर शिकली, आणि आज पाहा. मग ते माझ्याकडे हात करतात. मी पुढच्या सतरंजीवर बसलेली असते. पोरं टाळ्या वाजवतात, बाया मागे वळून बघतात आणि मी पदर नीट करते. वीस वर्षं होत आली या टाळ्यांना.

तेव्हा प्रश्न वस्तू घ्यायची की नाही एवढाच नव्हता. पैसे माझ्या कमाईतले बाजूला होते. प्रश्न हा की घेतल्यावर सांगायचं काय. माझ्या आयुष्यातला पहिला कॉम्प्युटर शिकायला म्हणून आला आणि मी खेळले. हा दुसरा फक्त खेळायला येणार होता. या वेळी खोटं बोलायचं नाही असं मी ठरवलं तर पहिल्याचंही खरं सांगावं लागणार होतं. आणि ते सांगितलं तर चौऱ्याहत्तर वर्षांच्या माणसाच्या हातातली सर्वांत आवडती गोष्ट मी काढून घेणार होते.

सबब तर तयारच होती. प्रमोद शनिवारी आला, बूट कोपऱ्यात ठेवले, कुजबुजत म्हणाला, “अगं, यात एवढं काय? मैत्रीला कोडिंगसाठी घेतला म्हण ना. तुझे बाबाबी खूश.”

“आणि मी?”

“तू खेळ की. कोण बघायला येतंय.”

तो चांगला माणूस आहे, पण हे बोलला आणि मला पुन्हा दाराचं पोतं फुगताना दिसलं. तीच खोली, तोच बारीक केलेला आवाज. फरक इतकाच की या खेपेला पुढे करायला माझी लेक होती. ज्या पोरीने दोन वर्षांत एक लग्न पाहिलं नाही, तिच्या नावावर मी माझा खेळ चढवणार.

मैत्रीचा आक्षेप वेगळा होता. तिने रसायनशास्त्राच्या पुस्तकातून मान वर न करता विचारलं, “आई, हे गेम फोनवर फुकट येतात. माहितीये ना तुला?”

माहीत होतं. पण माझ्या फोनवर क्लासच्या सूचना येतात, आठवडी चाचणीचे गुण येतात, बावीस आयांचा ग्रुप आहे आणि त्यात कुणाच्या पोराला किती पडले हे रात्रंदिवस चालू असतं. त्या फोनवर मला खेळायचं नव्हतं. मला टीव्हीसमोर मांडी घालून, बटणं खाली दाबली जातात असा रिमोट हातात धरून, आवाज मोठा ठेवून खेळायचं होतं. मी तिला हे सगळं सांगितलं. तिने पेन टेबलावर ठेवलं आणि माझ्याकडे पाहिलं.

“मग घे ना. मला विचारून काय राहिलीस? तुझा अभ्यास झालाय का, असं विचारू?”

आम्ही दोघी तोंडावर हात ठेवून हसलो, कारण शेजारच्या खोलीत भौतिकशास्त्र चालू होतं.

तिचा शेवटचा पेपर झाला त्या दिवशी इमारतीत दुपारी बारालाच कुकरची शिट्टी झाली. एक झाली, मग दुसऱ्या मजल्यावरून दुसरी, आणि मग जणू सगळ्यांनाच परवानगी मिळाली. मेमधली प्रवेश परीक्षा बाकी होती, पण त्या दुपारी कुणी तिचं नाव काढलं नाही. जिन्यात बाया मोठ्याने बोलत होत्या. पोरं गॅलरीत शर्ट काढून उभी होती. मी गच्चीवर गेले, पाण्याच्या टाकीच्या सावलीला बसले आणि बाबांना फोन लावला.

“बाबा, मी एक कॉम्प्युटर घेऊन राहिले.”

“बेस झालं. मैत्रीला का?”

“न्हाई. मला.”

“कामाला?”

“न्हाई बाबा. खेळायला.”

मी थांबले असते तर पुन्हा कधी बोलले नसते, म्हणून सगळं एका दमात सांगितलं. की त्या उन्हाळ्यातही मी खेळतच होते. टायपिंगची कॅसेट तुमचं खोकणं आलं की लावायचे. अंगठ्याचा फोड खेळून आला होता. आईने उन्हात मिरच्या कुटल्या, तुम्ही बातम्या सोडल्या, आणि मी आत रणगाडे उडवत होते.

“सगळाच उन्हाळा?” बाबांनी विचारलं.

“सगळा.”

“रोज?”

“रोज.”

वर्गात एखाद्या पोराचं खोटं पकडलं की बाबा असेच एकेका शब्दाचे प्रश्न विचारायचे. त्या प्रश्नांना आख्खी शाळा घाबरायची. मी चव्वेचाळीसची बाई, टाकीला पाठ लावून, तशीच घाबरून बसले होते.

“मंग मला कामून न्हाई बोलावलं?” बाबा म्हणाले.

मला कळलं नाही. मी म्हटलं, “कशाला?”

“खेळाया. दोन रिमोट व्हते न त्याला. नांदेडात दुकानदारानं मला एक डाव खेळू दिल्ता. टायपिंगचं त्यानं नंतर सांगितलं, आधी खेळच लावून दावला. लई मजा आली व्हती, माय. वाटंनं सगळं तेच डोस्क्यात. मनलं घरी गेलो की खेळू. पण तू आत अभ्यास करून राहिली. मग कसं येणार? अर्ध्या अर्ध्या तासाला दारापशी येऊन खोकायचो. मनलं, दमली असंल तर बोलावते का बघाव.”

गच्चीवर ऊन होतं, खाली पोरांचा आरडाओरडा चालला होता. माझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं आणि हसूही. मला लाज वाटली, आणि लाजेहून कितीतरी जास्त आनंद झाला. उन्हाळाभर एका दाराच्या दोन्ही बाजूंना दोन माणसं खेळायला तडफडत होती, एक आत चोरून खेळत होतं आणि दुसरं बाहेर शहाण्यासारखं बसलं होतं. मध्ये फक्त अभ्यास उभा होता, आणि तो कुणी करतही नव्हतं.

“लहानपणी गुरं झाली,” बाबा सांगत होते, “मंग वसतिगृह, मंग नोकरी. खेळाया मनून हातात काही आलंच न्हाई. आलं ते तुझ्या खोलीत गेलं.” मग म्हणाले, “आता येईल का मला?”

“येईल की.”

“डाव्या हाताची दोन बोटं जरा आखडली हायत.”

“ती लागत न्हाईत बाबा. अंगठे लागतात.”

“अंगठे बेस हायत.”

मी भीत भीत विचारलं, “आन् जयंतीच्या भाषणातली गोष्ट?”

“ते बघू,” बाबा म्हणाले आणि फोन ठेवला. गच्चीवरून खाली यायच्या आधीच मी ते पान उघडलं. कार्टमध्ये एक रिमोट होता, त्याचे दोन केले आणि मागवून टाकलं.

वस्तू आली तेव्हा मैत्रीने प्रवेश परीक्षेच्या सरावातून तासभर काढला आणि मला मदत करायला बसली, पण मी तिला हात लावू दिला नाही. मेमरी कार्ड मी भरलं. पाटी तापू नये म्हणून तिच्यावरचा छोटा पंखा मी बसवला, नखाएवढे स्क्रू होते, एक फरशीवर पडला तो गुडघ्यांवर रांगून शोधला. पहिल्यांदा टीव्ही काळाच राहिला, दुसऱ्यांदा अक्षरं आली, तिसऱ्यांदा चार सुरांची ती पिपाणी वाजली. मी आवाज वाढवला. शेजारच्या देगलूरच्या बाई दार उघडून विचारायला आल्या, “काय हो, काय वाजलं?” मी म्हटलं, “गेम आहे. माझा.” त्या दारातच बसल्या आणि त्यांचा पहिला डाव अर्ध्या मिनिटात संपला. “आणखी एकदा द्या,” म्हणाल्या.

जयंतीच्या आदल्या दिवशी आम्ही इस्लापूरला गेलो. मैत्री पुस्तकांची पिशवी घेऊन आतल्या खोलीत बसली, आणि तिला मी सांगून ठेवलं की आम्ही आवाज कमी करणार नाही, तुला नको असेल तर मावशींकडे जा. ती म्हणाली, मला चालतं. बाबा आंघोळ करून, पांढरा सदरा घालून, टीव्हीसमोर ताठ बसले होते. आई सुपारी कातरत बाजूला बसली. मी रिमोट त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो पेपर तपासायला घ्यावा तसा उलटसुलट करून पाहिला.

पहिल्या डावात बाबांनी स्वतःचाच झेंडा उडवला. दुसऱ्यातही. तिसऱ्यात भिंतीत अडकून बसले आणि म्हणाले की यंत्रात दोष आहे. नवव्या डावाला त्यांना एक गोष्ट सुचली जी मला त्या उन्हाळ्यात कधी सुचली नव्हती, कारण मी एकटी खेळायचे. “तू पुढं जा,” ते म्हणाले, “मी झेंड्यापशी थांबतो. मला हिंडायची हौस न्हाई.” आणि ते थांबले. विटांच्या मागे त्यांचा पिवळा रणगाडा डावीकडे दोन पावलं, उजवीकडे दोन पावलं, परीक्षेत वर्गात फिरावं तसा. मी वर धावत होते, जे माझ्या हातून सुटायचे त्यांना बाबा खाली टिपायचे. एक टिपला की “हां” म्हणायचे. आईने कातरणं थांबवलं. पाचवी फेरी झाली, सातवी झाली. अंगठा दुखायला लागला आणि मला ते दुखणं इतकं ओळखीचं वाटलं की मी मोठ्याने हसले.

अकराव्या फेरीत दारात जयंती मंडळाची तीन पोरं उभी राहिली. एकाच्या हातात वही होती. फलकावर भाषणाचा विषय लिहायचा होता. त्याने विचारलं, “गुरुजी, यंदाबी त्येच लिहू का? पोरीला कॉम्प्युटर आणून दिला त्ये?”

मी पडद्यावरून नजर काढून बाबांकडे पाहिलं आणि माझा शेवटचा रणगाडा मेला. पडद्यावर शत्रूचे तीन उरले होते आणि खाली बाबा एकटे.

“बसा जरा,” बाबा मान न वळवता म्हणाले. “खेळून राहिलो.”

पोरांनी एकमेकांकडे पाहिलं. या माणसाने त्यांना दुसरीत शिकवलं होतं आणि खेळताना पकडून कान धरला होता. ती चपला काढून आमच्या मागे सतरंजीवर बसली. पहिला रणगाडा उजवीकडून आला, बाबांनी टिपला. दुसरा वीट फोडून अगदी झेंड्याला भिडला, तेव्हा वहीवाला पोरगा “गुरुजी, डावीकडं” असं ओरडला आणि बाबांनी तोही टिपला. तिसऱ्यासाठी त्यांना पहिल्यांदाच झेंडा सोडून वर जावं लागलं. ते गेले. अंगठा पांढरा पडेस्तोवर बटण दाबलं. फेरी संपली.

आतून मैत्रीने टाळ्या वाजवल्या. बाबांनी सदऱ्याच्या बाहीने कपाळ पुसलं, रिमोट मांडीवर ठेवला आणि वहीवाल्याकडे वळले.

“लिही आता,” ते म्हणाले. “माझ्या पोरीला मी खेळणं आणून दिलं व्हतं.”

पोरगा पेन काढत म्हणाला, “असंच लिहू, गुरुजी?”

“असंच. मोठ्या अक्षरात.” आणि माझ्याकडे बघून म्हणाले, “चल, बारावी लाव.”